काकांना दाखवायचे मार्क

वाचकाचा प्रश्न

नाशिकच्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून थोडक्यात सांगते.

मुलगा तेरा वर्षांचा. शाळेत तो गप्प गप्प राहायला लागला होता, रोज सकाळी पोटात दुखायचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी आईवडिलांनी त्याला शाळेतून काढलं. आता एका ऑनलाइन होमस्कूल प्रोग्राममधून तो घरीच आठवीचा अभ्यास करतो. आईने नोकरी सोडली, वडील सातपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये असतात, घरात आजी आहेत. शाळा सोडवण्याचा निर्णय नातेवाइकांत कुणालाच पटला नव्हता, धाकट्या दिरांना तर अजिबात नाही. पण दर चाचणीत ९५ च्या वर मार्क यायला लागले आणि सगळे गप्प झाले. मध्यंतरी टॅबवर काहीतरी शोधताना आईला हिस्टरी दिसली. चाचण्यांच्याच वेळेला चाचणीतलेच प्रश्न शब्दशः शोधलेले, आणि इंग्रजीचे निबंध चॅटबॉटकडून लिहून घेतलेले. मुलगा आधी नाही म्हणाला, मग रडला, मग म्हणाला, "तुलाच काकांना मार्क दाखवायचे असतात ना?" वडील म्हणतात, सगळेच करतात, उगाच ताणू नकोस.

यात एक गुंता आहे. प्रत्येक सत्राच्या शेवटी 'चाचण्या माझ्या देखरेखीखाली, कुणाच्याही मदतीशिवाय झाल्या' या फॉर्मवर पालकाने सही करायची असते. चाचणी चालू असायची तेव्हा आई बहुधा स्वयंपाकघरात असायची, तरी आधीच्या सत्रांना तिने सही केली आहे. पुढची सही मार्चअखेर. तिचे प्रश्न असे: मुलगा मुळातच खोटा निघाला का? खोलीत कॅमेरा लावू का? प्रोग्रामला कळवायचं का? की जूनमध्ये सरळ शाळेत घालू? जाता जाता तिने लिहिलं आहे की तबला मात्र तो मनापासून शिकतो, गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झाली आहे.

उत्तर

ताई,

तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती तुमच्या मुलाच्या वाक्यापाशी. ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय: चूक स्वतःची आणि वर मलाच बोलला. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात इतकं सरळ, आडपडदा न ठेवता कुणीच बोललेलं नाही. मार्क कशासाठी हवे होते ते त्याने सांगून टाकलं.

जरा आठवून बघा. शाळा सोडवल्यावर घरात मार्कांचं काम काय उरलं होतं? वरच्या वर्गात जायला ते लागत नव्हते, तुकडी ठरणार नव्हती, बक्षीस मिळणार नव्हतं. त्यांचं एकच काम उरलं: आपला निर्णय चुकला नाही हे बाहेरच्यांना दाखवणं. दिवाळीला दीर आले की टॅब त्यांच्या हातात जायचा, असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही नोकरी सोडलीत, सासरची बोलणी खाल्लीत, त्यामुळे असं दाखवावंसं वाटलं यात वावगं काही नाही. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे सगळं न सांगता कळतं. ७२ मार्क आले तर आईची बाजू लंगडी पडणार हे त्याला कळलं होतं. तेव्हा त्याने घराला जे हवं होतं ते आणून दिलं.

यामुळे त्याची चूक माफ होत नाही. त्याने फसवलं, आणि ते त्याच्याशी नाव घेऊन बोलायलाच हवं. पण फक्त 'त्याला कसं सुधारू' एवढाच प्रश्न धरून बसलात तर मार्कांची घराला असलेली गरज तशीच राहील, आणि कॅमेरा लावला तरी तो दुसरी वाट शोधेल.

आता 'मुळातच खोटा' या शब्दांबद्दल. १९२० च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला होता. एक युक्ती अशी: मुलांच्या उत्तरपत्रिकांची गुपचूप नक्कल करून ठेवायची, मग मूळ कागद उत्तरांच्या यादीसकट मुलांनाच परत देऊन सांगायचं, तुमचे तुम्ही तपासा. नंतर नक्कल ताडून बघितली की कुणी काय बदललं ते कळायचं. १९२८ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनी भल्याभल्यांची झोप उडवली. मुलांचे 'प्रामाणिक' आणि 'अप्रामाणिक' असे दोन ढीग पडलेच नाहीत. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी सरळ वागत होतं. पकडले जाण्याची भीती किती, काम किती अवघड, आजूबाजूची काय करताहेत, यावर बरंच काही ठरत होतं.

याचा पुरावा तुमच्याच घरात आहे आणि तुम्ही तो जाता जाता लिहून पुढे गेलात. गांधर्वच्या परीक्षेत मूल परीक्षकांसमोर बसतं. हातावर ताल देत ठेका दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, म्हण म्हटलं की तिथल्या तिथे म्हणावा लागतो, कायदा म्हणजे बोलांची ठरलेली रचना वाजव म्हटलं की वाजवावी लागते. तिथे कॉपीला जागाच नाही हे खरं. पण नुसती जागा नाही म्हणून तो रोज रियाझ करत नसणार. तबल्यात त्याला काय येतं आणि काय येत नाही हे त्याचं त्यालाच ऐकू येतं. बोल अडखळला तर गुरुजी तिथेच थांबवतात, पुन्हा वाजवायला लावतात, आणि चुकल्याचा हिशेब कुठे लिहून ठेवत नाहीत. ऑनलाइन चाचणीत नेमकं उलट होतं. चूक झाली की पडद्यावर लाल फुली, आणि ती फुली सरासरीत कायमची जमा. तोच मुलगा, तेच घर, दोन तऱ्हा. म्हणून 'खोटा निघाला' हा शिक्का मनातूनसुद्धा काढा. घरात शिक्का बसलेलं मूल हळूहळू त्या शिक्क्याप्रमाणेच वागायला लागतं.

या चाचण्या चालतात कशा हेही एकदा त्याच्या शेजारी बसून बघा. बहुतेक प्रोग्रामांत प्रश्नसंच ठरलेला असतो, संगणक त्यातले प्रश्न उलटसुलट करून देतो आणि लगेच तपासतो. कित्येक ठिकाणी चाचणी पुन्हा देता येते आणि पहिल्या खेपेनंतर बरोबर उत्तरंही दिसतात. मुलं काय करतात? पहिली खेप डोळे मिटून टिचक्या मारत देतात, उत्तरं वहीत उतरवतात, दुसऱ्या खेपेला शंभर. नियम कुठेच मोडला नाही आणि डोक्यात काहीच शिरलं नाही. काही प्रोग्राम ब्राउझरमध्ये दुसरी टॅब उघडली की नोंद करतात, पण शेजारी ठेवलेला फोन त्यांना दिसत नाही. म्हणजे ज्या आकड्यांवर तुम्ही विसंबून होता, त्यांना तुमच्या मुलाने काहीही केलं नसतं तरी फारसा अर्थ नव्हता. होमस्कूल करणाऱ्या सगळ्याच पालकांना मी हे सांगेन. पडद्यावरची टक्केवारी मुलाने धडा पुरा केल्याची खूण समजा. धडा कळला का, हे तुम्हालाच वेगळं बघावं लागेल.

त्याच्याशी बोलणं आधी. आजींसमोर नको, वडील शिफ्टहून दमून आलेले असताना नको, आणि टॅब पुढ्यात ठेवून तारखांचा पंचनामा तर नकोच. आधी स्वतःचा वाटा सांगा: "काकांना मार्क दाखवताना तुझ्यावर ओझं येतंय हे माझ्या लक्षात आलं नाही. आणि मी समोर नसताना समोर होते अशी सही केली, तेही खोटंच होतं." आईने हे म्हटल्यावर मुलाला कबूल करायला जागा होते. मग त्याचा वाटा, तितकाच स्पष्ट: "तू उत्तरं शोधून लिहिलीस आणि स्वतःची म्हणून दाखवलीस. हे आपण थांबवतोय." आणि तिसरं, जे बहुतेक घरांत विचारायचं राहून जातं: "कुठपासून अवघड जायला लागलं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तो पटकन देणार नाही, कारण बहुधा त्यालाही ते नीट ठाऊक नसेल. ते दोघांनी मिळून शोधायचं. गणितात आठवीचे अवयव येत नाहीत म्हणून मूल अडलेलं दिसतं, पण खाली उतरत गेलं की गाडी सातवीच्या बैजिक राशींत किंवा त्याही आधी ऋण संख्यांच्या गुणाकारात रुतलेली सापडते. उणे तीन गुणिले उणे चार बारा का होतात, हे 'नियम आहे म्हणून' याच्या पलीकडे सांगता येतंय का बघा. येत नसेल तर तिथून सुरुवात. साधा कागद, पेन, प्रत्येक घटकातले चार-पाच प्रश्न, मार्क द्यायचे नाहीत. दोन वर्षांच्या सगळ्या चाचण्या पुन्हा देण्याची शिक्षा मात्र करू नका. ज्या घटकांवर पुढचं उभं राहतं तेवढेच पुन्हा करा. इतिहासातल्या एखाद्या प्रकरणाची चाचणी खोटी असेल तर ते प्रकरण एकदा मोठ्याने वाचा, त्याच्याकडून सांगून घ्या आणि पुढे जा.

बंद पुस्तकाने कशाला लिहायचं, सगळं गुगलवर असतं की, हा प्रश्न तो विचारणारच. तेराव्या वर्षी विचारायलाच हवा. 'परीक्षेत गुगल नसतं' हे उत्तर त्याला पटणार नाही. त्यापेक्षा त्याला रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग सांगा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुन्हा न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवताना होणारी ओढाताणच लक्षात राहण्याचं काम करते. शोधून टाकलेल्या उत्तरात ती ओढाताण होत नाही. तबला वाजवणाऱ्याला हे वेगळं समजवायला लागू नये. वाटलं तर हा प्रयोग दोघांनी घरीच करून बघा, तुम्हीही भाग घ्या आणि हरा.

मग घरचा नियम ठरवा, आणि तो त्याच्याच हाताने लिहून घ्या. प्रत्येक कामाआधी एवढंच ठरलेलं असावं, की हे पुस्तक उघडून करायचं, की मदत घेऊन पण कुणाची घेतली ते लिहून, की सगळं बंद करून. मुलांची बरीच लबाडी ही सीमारेषा कुणी आखलीच नाही म्हणून सुरू होते. गृहपाठाला व्हिडिओ बघितला तर चालतो, मग चाचणीला का नाही? आईला विचारलं तर चालतं, मग चॅटबॉटला का नाही? तुमच्या पत्रात प्रोग्रामचे नियम आहेत, पण घराचे नियम काय होते ते मला कुठे सापडलं नाही. बंद पुस्तकाची कामं कमी ठेवा, आठवड्याला एखादं. पण त्या वेळी तुम्ही खरोखर समोर बसायचं, गॅस बंद करून. भाजी निवडत बसलात तरी चालेल.

कॅमेऱ्याला माझा सरळ नकार आहे. कॅमेरा त्याच्या हातातला फोन टिपेलही. पण तो लावल्यावर तुम्ही आईच्या जागी पर्यवेक्षक होता, आणि ज्या मुलाला शाळेच्या धास्तीने पोटात दुखायचं त्याच्या खोलीत तुम्ही स्वतःच्या हाताने शाळेहून कडक शाळा बसवता. अमेरिकेत ओहायोतल्या एका विद्यार्थ्याने, परीक्षेआधी राहती खोली कॅमेऱ्यातून दाखवायला लावली म्हणून क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाला कोर्टात खेचलं होतं. २०२२ साली न्यायालयाने ते खोली दाखवायला लावणं घटनाबाह्य ठरवलं. आपल्याकडचा कायदा निराळा आहे. पण घरात कुणी कुठवर डोकवावं हा प्रश्न पोराटोरांचा नाही, एवढं त्यावरून कळतं. कॅमेऱ्याऐवजी अभ्यासाचं टेबल बाहेरच्या खोलीत आणा आणि चाचणीच्या वेळी सगळ्यांचेच फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, तुमचाही.

निबंधांचं प्रकरण थोडं वेगळं आहे. इथे दोन टोकं टाळा. एक म्हणजे चॅटबॉटवर सरसकट बंदी. पुढची कित्येक वर्षं ते त्याच्या आसपास असणार आहे, चोरून वापरण्यापेक्षा समोर वापरलेलं परवडलं. दुसरं टोक म्हणजे 'एआयने लिहिलंय का ते ओळखणारी' साधनं. त्यांच्या नादी लागू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी अशी सात साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६० टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राच्या नावावर जमा झाले. साधं, मर्यादित शब्दांतलं इंग्रजी त्या साधनांना यंत्राचं वाटतं. आपली मुलं नेमकं तसंच इंग्रजी लिहितात. म्हणजे तुमच्या मुलाने उद्या कष्टाने स्वतः लिहिलेला निबंध पकडला जाईल, आणि मग तो कष्ट कशाला करेल?

त्यापेक्षा घरात आजी आहेत ना. निबंध झाला की इंग्रजीत काय लिहिलंय ते आजीला मराठीत सांगायचं आणि आजींनी दोन शंका विचारायच्या. स्वतः लिहिलेलं असेल तर तो सांगत सुटेल. दुसऱ्याने लिहिलेलं असेल तर दुसऱ्याच वाक्याला अडखळेल, आणि कुणी न ओरडता त्याला ते कळेल. पहिला कच्चा खर्डा हाताने, वहीत, चुकांसकट. त्यानंतर चॅटबॉटला विचारायचं असेल तर 'माझ्या कोणत्या वाक्यात चूक आहे आणि का' एवढंच, आणि ते संभाषण तुम्ही बघू शकता हे आधीच ठरलेलं. खर्डा वाईट असेल तर वाईट असू दे. तेराव्या वर्षी इंग्रजीत वाईट निबंध लिहिणं हा प्रत्येकाचा हक्क आहे.

आता सही. पत्राच्या शेवटी तुम्ही ती दोन ओळींत गुंडाळली आहे, पण मला वाटतं झोप उडालीय ती तिच्यामुळेच.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. मागचं मागे टाकून पुढची सही खरी होईल अशी व्यवस्था करायची. किंवा पुढची सही न करता गुपचूप प्रोग्राम सोडायचा. किंवा लिहून कळवायचं. पहिली वाट अगदी टाकाऊ नाही, आणि या चाचण्यांचा उपयोग फक्त घरापुरता असता तर मीही कदाचित तीच सुचवली असती. पण वर्षाच्या शेवटी प्रोग्रामचं प्रमाणपत्र मिळणार आहे आणि ते दाखवून कुठेतरी प्रवेश घेण्याचा तुमचा विचार आहे. ज्या कागदावर तिसरा माणूस विसंबणार, त्यामागची सही खोटी ठेवून चालणार नाही. परदेशातल्या मराठी घरांतूनही अशी पत्रं येतात. अमेरिकेत होमस्कूल करणाऱ्या मुलाचं गुणपत्रक पुष्कळदा आईवडीलच तयार करतात आणि कॉलेज त्यावर भरवसा ठेवतं. तिथे तर पालकाची सही हाच सगळा डोलारा आहे.

म्हणून कळवा. फार लांबण लावू नका. एवढं पुरे: 'आधीच्या सत्रांतल्या काही चाचण्या माझ्या समोर झालेल्या नाहीत आणि त्यांत बाहेरची मदत घेतली गेली, असं माझ्या लक्षात आलं आहे. देखरेखीच्या फॉर्मवर मी केलेली सही त्यामुळे बरोबर नाही. हे घटक पुन्हा तपासून घेण्याची आमची तयारी आहे. त्यासाठी काय करावं लागेल ते कळवावे.' सही तुमची. मुलाकडून माफीनामा लिहून घेऊन जोडू नका. संस्थेकडे केलेलं खोटं विधान तुमचं आहे, त्याचं नाही. पण पाठवण्याआधी त्याला वाचायला द्या. प्रोग्रामवाले ते गुण रद्द करतील, पुन्हा परीक्षा घेतील, किंवा पुढच्या वर्षी प्रवेश नाही म्हणतील. यातलं काहीही झालं तरी आठवीच्या मुलाचं शैक्षणिक आयुष्य संपत नाही. त्याच्या देखत आईने नुकसान सोसून खरं सांगितलं, हे मात्र तो बघणार आहे.

तुमच्या यजमानांचं 'सगळेच करतात' मी उडवून लावणार नाही, कारण ते बरंचसं खरं आहे. प्रयोगवही वर्गातल्या हुशार मुलीकडून आणून उतरवणं, वर्कबुक गाईडातून भरणं, प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणणं, हे आपल्या पिढीने शाळेत राजरोस केलं आणि कुणी त्याला कॉपी म्हटलं नाही. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९८२ चा आहे, तरी अजून दर परीक्षेला कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं. म्हणजे 'शाळेत घातलं असतं तर हे झालं नसतं' ही तुमची समजूतही सोडा. फरक एवढाच, की शाळेत एक त्रयस्थ असतो. शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा, वर्गावर पर्यवेक्षक तिसरा. तुमच्या घरात हे तिघेही तुम्हीच, आणि निकालाची सगळ्यात जास्त गरज असलेली व्यक्तीही तुम्हीच. हे ओझं एका माणसाने उचलण्यासारखं नाही. तेव्हा यजमानांना म्हणा, सगळे करतात की नाही यावर नंतर भांडू, आठवड्यातली एक चाचणी तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही घ्या.

आणि आणखी एक त्रयस्थ शोधा. गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका महिन्यातून एकदा तासभर तोंडी घेतील. नाशिकमध्ये दुसरं होमस्कूल करणारं घर ओळखीचं असेल तर अदलाबदल करा: त्यांच्या मुलीची चाचणी तुमच्याकडे, तुमच्या मुलाची त्यांच्याकडे. पोह्यांची सोय ज्याने त्याने करावी. दुसऱ्याच्या घरी मूल आपोआप नीट बसतं, आणि आईशी असलेलं नातं रोज परीक्षेला लागत नाही.

दिरांचं काय करायचं? पुढच्या खेपेला टॅब पुढे करू नका. मार्क विचारलेच तर "मार्क बघणं सध्या बंद केलंय, काय शिकतोय ते त्यालाच विचारा" म्हणा आणि विषय त्याच्यावर सोडा. ते टोमणा मारतील. मारू देत. तुमच्या निर्णयाचा जाब तेराव्या वर्षाच्या मुलाने द्यायचा नाही. तो जाब द्यायचाच असेल तर तुम्ही दोघं द्या, आणि तोही दिवाळीच्या फराळावर द्यायलाच हवा असं काही नाही.

राहिला जूनचा प्रश्न. शाळा ही शिक्षा म्हणून नको. "असं करतोस तर जा शाळेत" हे वाक्य तोंडून गेलं असेल तर ते आधी मागे घ्या. पण शाळा हा पर्याय म्हणून जरूर तपासा, त्याला बरोबर घेऊन. कदाचित त्याला मित्र हवे असतील आणि तुमचं मन मोडू नये म्हणून तो बोलत नसेल. शिक्षणहक्क कायद्याने १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूदही आहे. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रोग्रामच्या प्रमाणपत्रावाचून हे होऊ शकतं, त्यामुळे त्या कागदाची भीती मनातून काढा.

घरीच राहायचं ठरलं तर दहावीचं चित्र आत्ताच समोर ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या म्हणजे एनआयओएसच्या दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के पुरतात, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, तेव्हा घाई नाही. लेखी विषयांत २० टक्के भार घरून करून द्यायच्या स्वाध्यायांचा असतो. तिथे हाच मोह पुन्हा समोर येईल, म्हणून सवय आत्ता लागायला हवी. उरलेला पेपर केंद्रावर, अनोळखी पर्यवेक्षकासमोर, हाताने लिहायचा. राज्य मंडळाची, शाळेत न जाता सतरा नंबरचा फॉर्म भरून देतात ती दहावीही केंद्रावरच होते. दोन वर्षं पडद्यावर टिचक्या मारलेल्या मुलाला तीन तास हाताने लिहिणं हीच मोठी कसरत असते. त्याची सुरुवात अर्ध्या तासाने करा, आठवड्याला एकदा, त्याच्या आवडीच्या विषयाने.

पत्र मात्र सहीच्या मुदतीआधी जाऊ द्या. फॉर्म कोरा ठेवून मुदत टळली तर आठवण करून देणारे मेल येतील आणि दबावाखाली पुन्हा सही कराल. मुलाशी बोलणं या रविवारी, यजमानांची सुट्टी असेल तर दोघांनी मिळून. पत्र सोमवारी.